फवारणीच्या विषबाधेवर पीएच.डी. करायची आहे : प्रवेश, फेलोशिप आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा?

पांढरं सोनं

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी कामाला आहे. आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्य), मग एमपीएच (जनआरोग्य) केलं. वय एकतीस, कुणबी, मुलगी तीन वर्षांची. घरची शेती कोरडवाहू, कपाशी आणि तूर.

२०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. तेव्हा बातम्या आल्या, चौकश्या झाल्या, हातमोजे-मास्क वाटले गेले. पण एक गोष्ट मला आजही दिसते आणि तिच्यावर कुणी नीट काम केलेलं मला सापडत नाही. पंप पाठीवर पुरुषाच्या असतो. पण पाणी वाहून आणते बाई, ड्रममध्ये औषध कालवते बाई, आणि संध्याकाळी ते भिजलेले कपडे हातांनी धुतेही बाईच. तिला मळमळलं, डोकं धरलं, हात थरथरले, तर ओपीडीच्या रजिस्टरला "अशक्तपणा" किंवा "चक्कर" एवढंच लिहिलं जातं. विषबाधेच्या आकड्यात ती येतच नाही.

यावर मला पीएच.डी. करायची आहे. अडचणी अशा :
प्रवेश कुठे घ्यावा? विदर्भातच की बाहेर?
घरून पैसा मिळणार नाही. फेलोशिप कोणकोणत्या, आणि माझ्या वयाला कोणत्या चालतील?
आमचे आदेश अकरा महिन्यांचे. नोकरी सोडायची की अर्धवेळ करायचं?

सासरचे विरोधात नाहीत, पण "पगार बंद झाला तर घर कसं चालन?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.

वैनगंगा

ताई, विषय वाचून थांबले. मी भंडाऱ्याची, सध्या तिरुवनंतपुरमला अच्युत मेनन सेंटरमध्ये पीएच.डी. करते आहे. हे जनआरोग्याचं केंद्र श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा भाग आहे. मला माहीत असलेलं सांगते.

पहिलं काम नेटचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पात्रता परीक्षेचं. विषयांच्या यादीत "सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ" आहे, तो तुमच्या एमपीएचला सरळ लागू पडतो. एमएसडब्ल्यूवर "सोशल वर्क" विषयातूनही बसता येईल, पण पुढे मार्गदर्शक जनआरोग्याचा हवा असेल तर पहिलाच घ्या. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात. पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० चा, उणे गुण नाहीत. पहिल्या पेपरला हलकं घेऊ नका, आपल्या बऱ्याच मुली तिथेच अडकतात.

वयाची काळजी नको. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोशिपला) मर्यादा ३० ची आहे, पण महिलांना आणि ओबीसींना पाच वर्षांची सूट आहे. दोन्ही सवलती एकावर एक चढत नाहीत. म्हणजे तुम्हाला ३५ पर्यंत वेळ आहे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, मग एसआरएफ (वरिष्ठ फेलो) म्हणून ४२,०००, वर घरभाडे भत्ता. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी नेट वाया जात नाही. जून २०२४ पासून निकालाचे तीन गट झाले आहेत. खालच्या दोन गटांतले गुणही पीएच.डी.च्या प्रवेशाला एक वर्ष चालतात. तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

ठिकाणं : दिल्लीच्या जेएनयूचं सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ केंद्र तुमच्या प्रश्नाला सर्वात जवळचं वाटतं. आजाराकडे समाज, श्रम, जात, बाईचं स्थान या अंगांनी बघण्याची तिथली परंपरा आहे आणि फी अगदी नगण्य. मुंबईत देवनारला टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहे, तिथेच आयआयपीएस आहे. आयआयपीएसचा भर लोकसंख्या आणि आकडेवारीवर. गांधीनगरची जनआरोग्य संस्था आयआयपीएच, पुणे विद्यापीठाचं आरोग्यशास्त्राचं विद्यालय, हेही बघा. विदर्भात सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, सावंगी मेघेचं अभिमत विद्यापीठ. सेवाग्राम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे.

तुरीच्या शेंगा

ताई, मोठ्या गोष्टी बाकीचे सांगतीन, मी कागदाचं सांगतो. आपल्याकडं जाहिरात आली का मंग लोकं कागदाच्या मागं पयतात, आन् तारीख निंघून जाते.

जात वैधता नसन तर आजच अर्ज टाक. नॉन-क्रीमीलेअर तुह्या बापाच्या उत्पन्नावर निंघते, नवऱ्याच्या नाई, हे सेतूवाल्यालेही कई वेळा समजावून सांगा लागते. दहावीच्या सनदीवरचं नाव, आधारवरचं नाव आन् बँकेतलं नाव एकच पायजे. लग्नानंतर नाव बदललं असन तर राजपत्रात छापून घे. खात्याले आधार जोडलं हाय का नाई तेही पाहून घे, पैसे त्याच्यावरच येतात.

आन् एक. फेलोशिपचं पत्र हातात आल्याबिगर राजीनामा देजो नको. कोणी कितीही सांगो.

वैनगंगा

तुरीच्या शेंगा यांच्या शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. फक्त एक गुंता लक्षात घ्या. राज्याच्या फेलोशिपला अर्ज करायला आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते, आणि बहुतेक फेलोशिपला ती पूर्णवेळ लागते. म्हणजे नोंदणी आणि फेलोशिपचं पत्र यांच्या मधे काही महिने बिनपगारी जाऊ शकतात. जेआरएफ आधी हातात असेल तर हा खड्डा पडत नाही. म्हणून मी नेटला पहिलं म्हटलं.

राज्याच्या संस्था : अनुसूचित जातींसाठी बार्टी, जमातींसाठी टीआरटीआय, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती (हिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे), मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी. तुम्ही कुणबी, म्हणून सारथीची जाहिरात बघाच. कुणबी ओबीसीतही येतात, त्यामुळे महाज्योतीच्या अटीही वाचा. लाभ मात्र एकाच ठिकाणचा घेता येतो. दर यूजीसीच्या धर्तीवरच आहेत, पण जागा मर्यादित. सरसकट आणि पूर्ण रकमेची फेलोशिप मिळावी म्हणून या संस्थांच्या संशोधकांना आंदोलनं करावी लागली, हे माहीत असू द्या. केंद्राची ओबीसींसाठीची राष्ट्रीय फेलोशिपही आहे, तिला नेट लागते.

आणखी दोन. आयसीएसएसआरची (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप : महिन्याला २०,००० रुपये, दोन वर्षं, त्यासाठीही नोंदणी आधी. आणि तुम्ही आईबापाची एकुलती मुलगी असाल, भाऊ नसेल, तर यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप आहे. हिच्याबद्दल गावाकडे फार कमी मुलींना माहीत असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

पांढरं सोनं

भाऊ आहे, त्यामुळे शेवटची नाही. पण माझ्या मैत्रिणीला सांगते, ती एकटीच आहे.

वैधता आहे, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपली आहे. हा आठवडा त्यातच घालवते.

जनआरोग्य शिक्षक

मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि पीएच.डी.चे विद्यार्थी घेतो. वरच्या सगळ्या माहितीत एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते ती सर्वात मोठी आहे : तुमचा विषय हंगामी आहे.

कपाशीवरची जड फवारणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. झाडं डोक्याएवढी होतात, हवा कोंदट असते, फवारा तोंडावर येतो. तुम्हाला माहिती गोळा करायची असेल तर त्याच तीन महिन्यांत. आता उलटं मोजा. प्रवेशानंतर कोर्सवर्क, त्यात एक सत्र जातं. मग संशोधन सल्लागार समितीपुढे आराखडा, त्यात दुरुस्त्या. मग संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, ती पहिल्याच बैठकीत मिळेल असं धरू नका. मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी, कारण प्राथमिक आरोग्य केंद्राचं रजिस्टर तुम्हाला बघायचं आहे. एखादा कागद सप्टेंबरात अडकला तर तुमचा अख्खा खरीप गेला, म्हणजे एक वर्ष गेलं, आणि फेलोशिपची मुदत तर चालूच राहते. शहरात बसून मधुमेहावर काम करणाऱ्याला हा ताण नसतो. म्हणून जानेवारीच्या आसपास प्रवेश मिळाला तर पहिला खरीप फक्त प्राथमिक निरीक्षणाला धरा आणि दुसऱ्यात मुख्य काम. अर्जातच तसं वेळापत्रक लिहा. मुलाखतीतल्या समितीला ते वाचून कळतं की या उमेदवाराने शेत पाहिलेलं आहे.

प्रश्नाबद्दल. "महिला शेतमजुरांमधील कीटकनाशकांचे दुष्परिणाम" एवढा मोठा विषय घेऊन आलात तर मी परत पाठवीन. तुम्ही वर जे लिहिलंत ते मात्र उत्तम आहे : कालवणं, पाणी वाहणं, कपडे धुणं. तीन कामं, तीन वेगळ्या वाटांनी अंगात जाणारं विष. कालवताना औषध पाण्यात मिसळायच्या आधीचं, म्हणजे सर्वात तीव्र असतं. यातल्या कोणत्या कामाने किती फरक पडतो, आणि ती बाई दवाखान्यात पोचल्यावर तिची नोंद कुठे हरवते, हे दोन भाग पुरे. पहिल्यासाठी मोजमाप लागेल. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांसाठी रक्तातलं कोलिनएस्टरेज (या विषाने मंदावणारं एक एन्झाइम) मोजता येतं, पण माणसामाणसात त्याची पातळी वेगळी असते. म्हणून हंगामाआधी एकदा आणि हंगामात पुन्हा, त्याच बाईचं मोजावं लागतं. इतर बऱ्याच गटांतल्या औषधांचा त्या चाचणीत पत्ता लागत नाही, हेही आराखड्यात कबूल करा. दुसऱ्या भागाला पैसा जवळपास लागत नाही. रजिस्टर, मुलाखती आणि तुमची त्या दवाखान्यांतली ओळख, एवढ्यावर तो उभा राहतो.

नमुना लहान आहे म्हणून घाबरू नका. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या फक्त दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ मध्ये तो निबंध लॅन्सेटमध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. बायांच्या आरोग्याकडे फक्त बाळंतपण म्हणून बघणाऱ्या जगाला त्या दोन गावांनी विचार करायला लावलं. तुमच्या प्रश्नाची जात तीच आहे : जे दुखणं घरात आहे पण कागदावर नाही.

मार्गदर्शकाबद्दल. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहाय्यकाला चार विद्यार्थी घेता येतात. जागा आहे का, हे आधी विचारा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही, २०२२ च्या यूजीसी नियमांत तसं आहे. नाव मोठं म्हणून मागे लागू नका. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा आणि एवढंच विचारा : लिहून दिलेलं प्रकरण सर किती दिवसांत वाचून परत देतात?

पांढरं सोनं

सर, हंगामाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी कॅलेंडर घेऊन बसले. खरंच, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कोलाम आदिवासींच्या पोडांवरही (वस्त्यांवरही) मला जायचं आहे. तिथल्या बाया मजुरीला येतात, त्यांना विचारणारं कुणीच नसतं. आणि अर्धवेळाचं कुणी सांगेल का? कंत्राटी माणसाला ना हरकत पत्र कोण देतं?

जनआरोग्य शिक्षक

कोलाम हा विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नीतिमत्ता मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा समूहांसाठी जास्तीची काळजी घ्यावी लागते. पोडावरच्या प्रमुख माणसांशी आधी बोलणं, मग प्रत्येक बाईची स्वतंत्र संमती, आणि ती कोलामीतून. दुभाषी पोडावरचीच एखादी शिकलेली मुलगी असावी. तिचा मोबदला खर्चात धरा, फुकट राबवू नका. आणि रक्त घेतलंत तर निकाल त्या बाईला सांगायला परत जायचं, हे प्रस्तावातच लिहा.

खारपाणपट्टा

अर्धवेळाचं मी सांगते, कारण मी तेच करते आहे. अकोला जिल्ह्यात आरोग्य खात्यातच आहे, माझा विषय खारं पाणी आणि मूत्रपिंडाचा आजार. पूर्णेच्या दोन्ही अंगांना आमचा हा पट्टा, घरोघरी हा आजार ऐकू येतो.

२०२२ च्या नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएच.डी. चालते, पण नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र लागतं. त्यात लिहून द्यावं लागतं की अभ्यासाला वेळ दिला जाईल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. कंत्राटी असाल तर अडचण अशी की ज्याच्या सहीने पत्र मिळतं तो अधिकारी बदलतो, आणि तुमचा आदेशही संपतो. मला एका कार्यालयाने हे पत्र देऊन नंतर कोर्सवर्कच्या वेळी सुटी नाकारली होती. म्हणून पत्रात "कोर्सवर्कच्या कालावधीत रजा मंजूर राहील" हे शब्द घालूनच घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका.

पण खरं सांगू का, तुमच्या विषयाला अर्धवेळ जमणार नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे साथीचे दिवस. डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस, सगळं तेव्हाच, आणि त्याच महिन्यांत तुम्हाला शेतात असायला हवं. माझ्या पाण्याचे नमुने मी उन्हाळ्यात घेऊ शकते, तुम्हाला ती मुभा नाही.

एक दिलासा. पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षं, महिलांना त्यावर दोन वर्षं जास्त मिळू शकतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी मिळून पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा आहे. मुलगी लहान आहे, तर हे माहीत असलेलं बरं.

उत्तरेचा वारा

मी मूळचा वर्ध्याचा, सध्या नॉर्वेत. बाहेरच्या पर्यायाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये पीएच.डी. ही नोकरी असते. पगार मिळतो, शिकवणी शुल्क नाही, रजा आणि पाळणाघराची सोय कर्मचाऱ्यासारखी. जागा निघाली की नोकरीसारखाच अर्ज करायचा. बर्गन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय आरोग्याचं केंद्र आहे, तिथे आपल्यासारख्या देशांवर काम चालतं.

अमेरिकेत जनआरोग्याच्या बहुतेक विद्यापीठांचे अर्ज सोफास या एकाच संकेतस्थळावरून जातात, मुदत बहुधा डिसेंबरात. तिथे पीएच.डी.ला सहसा शुल्कमाफी आणि विद्यावेतन असतं, पण डीआरपीएच नावाची जनआरोग्यातली दुसरी डॉक्टरेट पदवी बऱ्याच ठिकाणी स्वखर्चाने करावी लागते. नाव सारखं वाटतं म्हणून फसू नका. ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत, अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, सारथीची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची. त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते.

ताई, तुमची गुणवत्ता दिसते आहे. स्वतःला जिल्ह्यापुरतं बांधून घेऊ नका.

खारपाणपट्टा

दादा, सल्ला मनापासून दिलात, पण नॉर्वेतल्या जागेला प्रकल्प आधीच ठरलेला असतो ना? तिथे या बायांचा प्रश्न कोण घेणार? आणि तीन वर्षांची मुलगी, घरची शेती.

उत्तरेचा वारा

प्रकल्प बहुधा ठरलेला असतो, हे बरोबर. स्वतःचा आराखडा मांडता येईल अशा जागा थोड्या. पण इथे मोजमापाच्या पद्धती, सांख्यिकी, प्रयोगशाळा यांचं जे शिक्षण मिळतं ते घेऊन परत येणारेही आहेत. मधला मार्ग सांगतो. भारतात नोंदणी करा आणि पुढे फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत जा. ती भारतात पीएच.डी. करणाऱ्यांसाठीच आहे. खरीप आटोपल्यावर, गोळा केलेली माहिती घेऊन विश्लेषणाला जाता येईल.

वैनगंगा

हे आवडलं. आणि पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फेलोशिप मंजूर झाली म्हणजे एक तारखेला पैसे, असं नसतं. पहिला हप्ता यायला कित्येक महिने लागतात, मग थकबाकी एकदम येते. माझ्या बरोबरच्या एका मुलीला त्या काळात खोलीभाड्यासाठी सोनं गहाण ठेवावं लागलं. नोकरी सोडण्याआधी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. शेतातला खर्चही वेगळा धरा : पेट्रोल, दुभाषी, चाचण्या, नमुने थंड ठेवून नेण्याची सोय, छपाई. आकस्मिक खर्चाची रक्कम मिळते, पण कोलिनएस्टरेजच्या चाचण्या त्यात बसणार नाहीत. त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत करता येतील असाच मार्गदर्शक शोधा. या बाबतीत सेवाग्रामसारखी वैद्यकीय संस्था जेएनयूपेक्षा सोयीची पडेल, हे मी माझ्या आधीच्या मताला जोडून सांगते. एक मार्गदर्शक अशा संस्थेत आणि सहमार्गदर्शक समाजशास्त्रीय अंगाचा दुसरीकडे, अशी जोडी जमली तर फारच चांगलं.

तुरीच्या शेंगा

ताई, तुह्या सासऱ्याले सांग का ३७ हजार म्हंजे आताच्या मानधनापेक्षा कमी नाई पडत. कागद दाखवून सांग, तोंडी नको. आमच्या घरी तसंच पटलं होतं.

आन् हे बायांचं तू लिवलं ना, आमच्या मायचे हात आठवले. सप्टेंबर लागला का तिच्या बोटांची सालं निंघत. आमी म्हणो साबणानं होते.

पांढरं सोनं

भाऊ, आईला विचाराल का, की त्या काळात घरी कोणतं औषध वापरायचे आणि कपडे कशात धुवायची ती? नदीवर की घरी? हाताला जखमा असतानाही धुवायची का? मला प्रश्नावलीचे शब्द बायांच्याच तोंडचे हवे आहेत.

सगळ्यांचं वाचून जे ठरवलं ते लिहिते. येत्या सत्रात नेटला बसते, सोशल मेडिसिन घेऊन. तोवर नोकरी चालू. दवाखान्यांच्या रजिस्टरचा भाग कसा बघता येईल, त्याची परवानगी कुणाकडून, हे आत्ताच विचारून ठेवते. मार्गदर्शक विदर्भातल्या वैद्यकीय संस्थेत, प्रयोगशाळा असलेल्या. जेआरएफ आली तर पूर्णवेळ. नुसती नेट आली तर नोंदणी करून सारथी आणि आयसीएसएसआर, पण तेव्हाही सहा महिन्यांचे पैसे साठल्याशिवाय राजीनामा नाही. मिस्टरांशी बोलले. तूर विकली की त्यातली काही रक्कम वेगळी ठेवू म्हणाले.

सर, एक पानाचा आराखडा लिहिला तर वाचाल का?

जनआरोग्य शिक्षक

वाचीन. एक पानच ठेवा. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, तोही त्या कालवणाऱ्या बाईपासून सुरू करा, जागतिक आकडेवारीपासून नको. दुसऱ्यात कोणती गावं, किती बाया, कोणत्या महिन्यांत. तिसऱ्यात काय मोजणार आणि काय मोजता येणार नाही. शेवटी खर्च, रुपयांत. मराठीत लिहा, इंग्रजी आपण नंतर करू.

तुरीच्या शेंगा

मायले इचारलं. कपडे घरीच धुवे, मोठ्या घमेल्यात, बाकीच्या कपड्यांसंगच. पोरांचेही त्याच्यातच. औषधाचं नाव तिले आठवत नाई, पण डब्यावर लाल तिकोन होता म्हणते.

पांढरं सोनं

लाल त्रिकोण म्हणजे अति तीव्र विषारी. आणि पोरांचे कपडेही त्याच पाण्यात. भाऊ, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, आता घालते. आईंना नमस्कार सांगा.